महीचा पूल आला की क्रूझ सुटतो

प्रश्न: काका, नमस्कार. मी दर शनिवारी बडोद्याहून एक्सप्रेसवेने अहमदाबादला आईकडे जाते. गाडी पेट्रोलची, मॅन्युअल गिअरची. नव्वदवर क्रूझ (अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता वेग कायम राखणारी सोय) लावला की हिरवा दिवा लागतो, वेगही धरतो. पण महीच्या पुलावर जॉइंटचे धक्के बसले की आपोआप सुटतो. पावसाळी सकाळी तर लागतच नाही. गॅरेजमध्ये स्टिअरिंगवरची बटणं बदलून घेतली, फरक शून्य. आता गाडीचा कॉम्प्युटर बदला म्हणतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी सोसायटीत शिरलं तेव्हा गाडीतल्या मॅट भिजल्या होत्या. त्याचा काही संबंध असेल का?
– एक वाचक, अकोटा, बडोदा

उत्तर: ताई, पुराची ती गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलीत, गॅरेजवाल्याने ती पहिल्यांदा विचारायला हवी होती. कॉम्प्युटरला इतक्यात हात लावू देऊ नका.

क्रूझ कंट्रोल म्हणजे जुन्या कचेरीतला संशयी कारकून. ब्रेक मोकळा आहे, क्लच मोकळा आहे, चाकांचा वेग नीट कळतोय, चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसची तक्रार नाही, एवढ्या सह्या असल्या तरच फाइल पुढे सरकते. एक सही क्षणभर हलली की हा काम टाकून मोकळा. त्याचं बरोबरच आहे म्हणा. ब्रेकबद्दल शंका असताना गाडीने स्वतःहून वेग धरून ठेवलेला कुणाला चालेल?

तुमची बटणं ठीक होती, नाहीतर वेग धरलाच नसता. स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग, म्हणजे तिथल्या बटणांना जोडणारी गुंडाळलेली वायरपट्टी, तुटली असती तर खोड वळणावर दिसली असती, आणि हॉर्न किंवा एअरबॅगच्या दिव्यानेही बहुधा कुरकुर केली असती. तुमची खोड धक्क्याने आणि ओलाव्याने येते. म्हणजे कुठेतरी कप्लर (वायरी जोडणारा प्लग) सैल आहे किंवा गंजलाय.

पहिला संशय ब्रेक पेडलवरच्या स्विचचा. ‘ब्रेकलाइट तर लागतात!’ असं गॅरेजवाला म्हणेल. म्हणू दे. पुष्कळ गाड्यांत त्या इवल्याशा स्विचमध्ये दोन संपर्क असतात: पाय दिला की एक जुळतो आणि दुसरा सुटतो. ब्रेकलाइट पहिल्यावर चालतात, म्हणून दुसरा बिघडलेला कुणाच्या लक्षात येत नाही. कॉम्प्युटर मात्र दोघांची साक्ष ताडून पाहतो. जुळली नाही तर बऱ्याच गाड्यांत पी०५०४ हा बिघाडाचा कोड नोंदला जातो, आणि डॅशवर इंजिनचा दिवा लागेलच असं नाही. तेव्हा स्कॅनर लावून नुसते कोड वाचू नका. लाइव्ह डेटात, म्हणजे त्या क्षणी दिसणाऱ्या नोंदींत, ब्रेक आणि क्लच स्विचची स्थिती उघडा, पेडलला पाय न लावता कप्लर आणि वायर हाताने हलवा. आकडा फडफडला की चोर सापडला. मल्टीमीटरची बीप (जोड जुळला की वाजणारी) लावूनही पाहता येतं, पण काही गाड्यांत चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर असतो, तिथे बीपवर विश्वास ठेवू नका.

क्लचवरही तसाच स्विच असतो. त्यावरून माझी फजिती सांगतो. एका गिऱ्हाइकाच्या गाडीचं वायरिंग मी दोन दिवस उकलत बसलो होतो. शेवटी निघालं काय? नव्या जाडजूड मॅटची कड क्लच पेडलवर अडकलेली, पेडल पूर्ण वर येतच नव्हतं! तेव्हापासून मी आधी मॅट बाहेर काढतो, मग मीटर. तुम्हीही काढा.

स्विच ठीक निघाला तर दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी उचलून गालिचा उलटा. तिथून वायरिंगचा जुडगा जातो. पुराचं पाणी वरून वाळतं, खालच्या फोममध्ये महिनोन्महिने राहतं. कप्लरच्या पिनांवर हिरवी-पांढरी भुकटी दिसली तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. सँडपेपर नको, पिनेवरचा मुलामा जातो. अर्थचे (बॅटरीची निगेटिव्ह बाजू गाडीच्या बॉडीला जोडणारे) बोल्टही तपासा: इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्रेकलाइट लावून, अर्थ पॉइंट ते बॅटरी निगेटिव्ह व्होल्टेज मोजा. ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर तो जोड खरवडून घट्ट करायचा.

सीटखाली पिवळे कप्लर दिसतील, ते एअरबॅगचे. त्यांना मीटरची टोकं लावायची नाहीत, कुणाला लावूही द्यायची नाहीत. आणि दुरुस्ती होईपर्यंत क्रूझ लावू नका. पुलावर अचानक सुटला तर मागच्या ट्रकवाल्याला ते कळणार नाही.