सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरात तीन दिवस आहेत. कॅथेड्रल, तेआत्रो मास्सिमो हे ऑपेरागृह सगळेच सांगतात. त्यापलीकडे काय बघावं आणि शाकाहारी माणसाने काय खावं?

तीन दिवस पुरतात, फक्त सुरुवात चुकवू नका. पहिल्या सकाळी तिकिटांच्या रांगेत उभं राहण्याऐवजी शहराचा उतार पायांनी समजून घ्या. जुनं पालेर्मो दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या उंचवट्यावर वसलं. उत्तरेला पापिरेतो, दक्षिणेला केमोनिया. दोन्ही नद्या आता जमिनीखाली गेल्या आहेत, पण उतार कुठे जाणार? पोर्ता नुओव्हा या वेशीपासून समुद्राकडे जाणारा सरळ रस्ता पकडा. पाटीवर व्हिया व्हित्तोरिओ एमानुएले लिहिलेलं असतं, गावकरी मात्र त्याला अरबांच्या काळापासूनचं 'कास्सारो' हेच नाव वापरतात. या रस्त्याच्या डावीकडच्या गल्ल्या पापिरेतोच्या पात्रात उतरतात, उजवीकडच्या केमोनियाच्या. व्हिया पोर्ता दी कास्त्रो हा लांबट खोलगट रस्ता म्हणजे सरळसरळ नदीचं पात्र आहे. तो ओलांडून पुन्हा चढलात की बल्लारोचा बाजार लागतो. एवढं एकदा डोक्यात बसलं की नकाशाशिवाय फिरता येतं.

आता लपलेल्या इतिहासाबद्दल. माझ्या मते पालेर्मोचा खरा ठेवा म्हणजे तिथले शिलालेख, आणि बहुतेक प्रवासी त्यांच्यासमोरून न बघता पुढे जातात. अरबांनी हे शहर ८३१ मध्ये घेतलं, नॉर्मनांनी १०७२ मध्ये. राज्य बदललं तरी कारागीर, कारकून आणि भाषा जागच्या जागी राहिल्या. हे पुस्तकात वाचण्यापेक्षा दगडावर बघावं.

पहिला दगड राजवाड्यात, कापेल्ला पालातिना या राजाच्या प्रार्थनागृहाच्या दाराजवळ. दुसऱ्या रॉजर या नॉर्मन राजाने ११४२ साली पाण्यावर चालणारं घड्याळ करवून घेतलं, त्याचा हा लेख लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तिन्ही भाषांत आहे. घड्याळ गेलं, दगड राहिला. लोक सोनेरी मोझेक बघायच्या घाईत आत शिरतात आणि तो तसाच मागे राहतो. आत गेल्यावर आधी मान वर करा. लाकडी छत मधमाश्यांच्या पोळ्यासारखं कोरलेलं आहे आणि त्यावर वादक, बुद्धिबळ खेळणारे, पेला हातात धरून बसलेले लोक रंगवले आहेत. एका ख्रिस्ती प्रार्थनागृहावर मुस्लिम चित्रकारांनी दरबारी मौज रंगवली आहे. साध्या डोळ्यांना यातलं फारसं दिसत नाही, म्हणून लहानशी दुर्बीण जरूर न्या. या वाड्यातच सिसिलीची विधानसभा भरते, त्यामुळे राजाच्या खासगी दालनांना कामकाजाच्या दिवशी, साधारण मंगळवार ते गुरुवार, प्रवेश नसतो. रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे कापेल्ला काही वेळ बंद असते. म्हणून शुक्रवार, शनिवार किंवा सोमवार धरा आणि दार उघडताच पोहोचा.

दुसरा लेख फुकट आहे आणि बाहेरच आहे. कॅथेड्रलच्या दक्षिण दारापुढच्या मंडपात सगळ्यात डावीकडच्या खांबावर कुराणातली आयत कोरलेली आहे, सातव्या सुरेतली, म्हणजे अध्यायातली, चोपन्नावी. जुन्या इमारतीतला खांब इथे बसवला आणि अक्षरं कोणी पुसली नाहीत.

तिसऱ्यासाठी झीझा महालापर्यंत जा, कास्सारोवरून चालत अर्ध्या तासाच्या आत. ग्रिसान्तो नावाच्या पाद्रीने आपल्या आईसाठी, आन्नासाठी, ११४९ मध्ये केलेला स्मृतिलेख तिथे ठेवला आहे. मधोमध क्रॉस, डावीकडे लॅटिन, उजवीकडे ग्रीक, खाली अरबी, आणि वर पुन्हा अरबीच, पण हिब्रू लिपीत. चारही मजकुरांत तारीख आपापल्या कालगणनेनुसार दिली आहे. या दगडासमोर घाई करू नका. महाल स्वतः उन्हाळ्यासाठी बांधला, ११६५ च्या सुमारास काम सुरू झालं. समोर तलाव, समुद्राच्या वाऱ्याकडे तोंड, आणि तळमजल्याच्या दालनात तिरक्या संगमरवरी फळीवरून उतरून पन्हळीतून वाहणारं पाणी. हवा त्या पाण्यावरून येताना गार व्हावी अशी सगळी रचना आहे.

आपल्याला जवळचा वाटेल असा एक धागा इथेच आहे. घड्याळवाल्या रॉजरच्याच दरबारात अल-इद्रिसी या भूगोलकाराने ११५४ मध्ये जगाचा नकाशा आणि भूगोलाचा ग्रंथ पुरा केला. त्यात कोकण किनाऱ्यावरची ठाणे, सोपारा आणि चौल ही बंदरं आहेत. ठाण्याजवळच्या डोंगरांत मिळणाऱ्या वंशलोचनाचीही नोंद आहे.

दुसऱ्या दिवशी समुद्राच्या बाजूला राहा. पियात्सा मारीनावरच्या स्तेरी वाड्यात धर्मन्यायालयाचा, म्हणजे इन्क्विझिशनचा, तुरुंग होता. १७८२ मध्ये ते न्यायालय बंद झालं. कैद्यांनी विटेची भुकटी आणि हाताला लागेल ते वापरून भिंतींवर संत, नकाशे, कविता काढल्या आहेत. बघायला वाटाड्यासोबत गटानेच जावं लागतं, म्हणून आल्याआल्या पुढच्या फेरीची वेळ घ्या आणि मधल्या वेळात समोरच्या बागेतलं वडाच्या कुळातलं अवाढव्य झाड बघा.

सेर्पोत्ताचं काम चुकवलंत तर मात्र हळहळ वाटेल. जाकोमो सेर्पोत्ता (१६५६–१७३२) चुन्यात मूर्ती घडवायचा. लाकूड, तार, चिंध्या यांचा सांगाडा, वर चुना-वाळूचे थर, आणि शेवटचा हात चुना व संगमरवराच्या भुकटीचा. त्यामुळे मूर्ती संगमरवरासारख्या झळकतात. सांता चिताच्या ओरातोरिओत, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात, दाराच्या आतल्या भिंतीवर लेपांतोची आरमारी लढाई तळहाताएवढ्या गलबतांसकट आहे. आत शिरल्यावर मागे वळलात तरच ती दिसते. सान लोरेन्झोच्या ओरातोरिओत वेदीवर काराव्हाज्जो या प्रसिद्ध चित्रकाराचं चित्र होतं, ते १९६९ मध्ये चोरीला गेलं. आज तिथे दिसते ती प्रतिकृती. ही ठिकाणं दुपारनंतर लवकर बंद होऊ शकतात, तेव्हा सकाळीच उरका.

रविवार मिळाला तर मोन्ते पेल्लेग्रिनो डोंगर चढा. १६२४ च्या प्लेगमध्ये शहराची पालक संत सांता रोझालिया हिच्या अस्थी तिथे सापडल्या, आणि त्यांच्या मिरवणुकीने साथ ओसरली अशी श्रद्धा आहे. श्रीलंकेतून येऊन पालेर्मोत स्थायिक झालेले तमिळ हिंदूही तिच्या गुहेत दर्शनाला येतात. गुहेत देवळासारखंच शांत राहा आणि खांदे झाका.

खाण्याचं. शाकाहारी माणसाची पालेर्मोत उपासमार होत नाही, फसगत मात्र होते. अरांचीना म्हणजे भाताचा तळलेला गोळा. 'अरांचीना आल बुर्रो' म्हणजे नुसतं लोणी समजू नका, आत हॅम असतं. पालकाची मागा. स्फिन्चोने हा जाड, कांदा-टोमॅटोचा पाव निर्धोक दिसतो, पण त्यात अँचोवी मासा विरघळलेला असतो. कान्नोलीची नळी पारंपरिक पद्धतीत डुकराच्या चरबीने करतात. विचारताना 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेश्शे, सेन्झा स्त्रुत्तो' असं तिन्ही म्हणा, कारण नुसतं मांस नको म्हटलं तर मासा चालतो असा अर्थ घेतला जातो. वांग्याची आंबटगोड कापोनाता, बटाट्याचे कात्सिल्ली, आणि उन्हाळ्यात कलिंगडाच्या रसाचा चमेलीचा वास असलेला जेलो दी मेल्लोने, हे बिनधास्त खा. १३ डिसेंबरला, सांता लुचियाच्या दिवशी, गावात पाव आणि पास्ता वर्ज्य असतो. त्या दिवशी शिजवलेल्या गव्हाची कुच्चिया मिळते.

आणि पानेल्ले. तिळाच्या पावात घातलेले हे बेसनाचे तळलेले तुकडे म्हणजे जवळजवळ आपली पाटवडी, फोडणीशिवाय. तळण वेगळं आहे का ते विचारा, कारण काही गाड्यांवर अरांचीनाही त्याच तेलात पडतात. घरी करायचे तर बेसन ५०० ग्रॅम, पाणी दीड लिटर, मीठ दोन चमचे, मिरपूड, चिरलेली पार्सली. पीठ गार पाण्यातच कालवा, गरम पाण्यात गुठळ्या होतात. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं सतत ढवळा, गोळा पातेल्याच्या कडा सोडेपर्यंत. कच्चं राहिलं तर तेलात फुटतं. आच बंद केल्याबरोबर पार्सली घालून तेल लावलेल्या ताटावर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ पसरा. इथे दोन मिनिटं उशीर झाला तरी पीठ आळतं आणि सारखं पसरत नाही. पूर्ण गार झाल्यावर कापून कडकडीत तेलात तळा, लिंबू पिळा आणि लगेच खा, गार झाले की चिवट होतात.