ताप मोजताना आकड्याआधी जागा लिही
वॉर्डात नवीन आहेस, म्हणून हे आधी सांगते. चार्टवर नुसतं ३७.८ लिहू नकोस. काखेत, तोंडात की कानात मोजलं तेही लिही. सकाळी काखेत आणि संध्याकाळी कानात मोजलं, तर ताप चढला की फक्त जागा बदलली, हे कुणालाच कळत नाही. एका रुग्णाला शक्यतो एकच पद्धत ठेव.

काखेतलं तापमान शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सिअस कमी येतं, पण हा फरक दरवेळी सारखा नसतो. म्हणून मनानेच अर्धा अंश मिळवून लिहू नकोस. हातपाय गार पडलेल्या रुग्णात तर काखेवर मुळीच विसंबू नये. कपाळावरच्या इन्फ्रारेड थर्मामीटरचंही तेच; घाम आणि पंख्याचा वारा त्याला फसवतात.

तोंडात मोजायचं तर चहा-पाणी घेऊन निदान पंधरा मिनिटं होऊ देत. कानाच्या थर्मामीटरला मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढून धर, नाहीतर आकडा खोटा कमी येतो. गुदद्वारातलं मोजमाप बऱ्यापैकी खरं, पण प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी फार कमी असतील तर ते टाळायचं.

आणि रुग्ण थरथरतोय, आकडा मात्र नॉर्मल? दुसऱ्या जागी मोज आणि लगेच डॉक्टरांना कळव.