मराठवाड्यात सावलीच्या जागेत बारमाही हिरवा राहणारा देशी नेचा (फर्न) जगेल का?

जगेल, पण नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया ही जात घ्या. तिच्या मातीतल्या दोरीसारख्या धावत्या खोडांवर छोट्या बोराएवढ्या लवदार गाठी येतात, त्यांत पाणी साठतं; म्हणून एखादं पाणी चुकलं तरी ती तग धरते.

भिंतीच्या उत्तरेची, दुपारचं ऊन न येणारी जागा निवडा. नुसती काळी माती नको. पावसाळ्यात ती पाणी धरते आणि मुळं कुजतात. उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तुटतात. फूटभर खोल माती काढून २ भाग पोयटा, १ भाग कुजलेलं शेणखत आणि १ भाग विटांचा चुरा भरा. जून-जुलैत फूट-सव्वा फुटावर रोपं लावा. पानं फुटतात तो गाभा मातीच्या वरच ठेवा, पुरला की सडतो.

एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ पाणी आणि बुडाशी पालापाचोळ्याचा जाड थर हवाच. तरीही टोकं करपली तर बोअरच्या पाण्यातले क्षार तपासा. आरओचं वाया जाणारं पाणी तर मुळीच घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त.

पानामागे ओळीत तपकिरी ठिपके दिसतील. ती कीड नाही, बीजाणूंचे (ज्यांपासून नवे नेचे उगवतात त्या सूक्ष्म कणांचे) पुंजके आहेत; औषध फवारू नका.