सत्तरीतला मतदार पक्ष पाहतो की माणूस?

आपण विचारले आहे की, गोव्याच्या ग्रामीण भागातल्या लहान शहरांत लोक पक्ष पाहून मत देतात की माणूस पाहून, आणि अशी शहरे आता भाजपची झाली आहेत असे म्हणता येईल का. माझे घर सत्तरी तालुक्यात, वाळपईला आहे, म्हणून इथल्यापुरते उत्तर देतो. विधानसभेला इथे माणूस पाहिला जातो आणि त्याच्या मुळाशी जमिनीचा प्रश्न आहे.

विश्वजीत राणे वाळपईतून 2007 साली अपक्ष म्हणून निवडून आले, 2012 मध्ये आणि फेब्रुवारी 2017 मध्ये काँग्रेसच्या उमेदवारीवर, त्याच वर्षी ऑगस्टच्या पोटनिवडणुकीत भाजपच्या उमेदवारीवर आणि 2022 मध्ये पुन्हा भाजपकडून. शेजारच्या पर्ये मतदारसंघात त्यांचे वडील प्रतापसिंह राणे यांची गोष्ट याहून लांबची आहे. 1972 साली मगोच्या, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, सिंह निशाणीवर पहिल्यांदा आमदार झालेले प्रतापसिंह पुढे काँग्रेसचे मुख्यमंत्री झाले आणि 2022 पर्यंतच्या 50 वर्षांत एकदाही हरले नाहीत. 2022 ला ते रिंगणात नव्हते, तेव्हा त्यांच्या स्नुषा डॉ. दिव्या राणे भाजपकडून 13 हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आल्या. निशाणी बदलली म्हणून मतदाराने घर बदलले नाही.

पणजीतली काही मंडळी याला अंधभक्ती म्हणतात. मला ते पटत नाही, कारण असे म्हणणाऱ्यांनी सत्तरीतल्या माणसाचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगणारा सरकारी कागद, पाहिलेला नसतो. इथली पुष्कळ जमीन पोर्तुगीज काळापासून मोकासो (घराण्यांना इनाम मिळालेली जमीन) आणि आल्वारा (लागवडीसाठी सरकारने दिलेली जमीन) या पद्धतींत अडकलेली आहे, काही सरकारच्या नावावर आहे, आणि 1999 साली म्हादई अभयारण्य जाहीर झाल्यावर वनखात्याचा प्रश्नही तिला येऊन चिकटला. 1964 च्या कूळकायद्याने आणि 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने गोव्यातल्या अनेक कुळांना मालक केले, परंतु आजोबा-पणजोबांपासून डोंगराच्या उतारावर काजू लावून जगणाऱ्या आमच्याकडच्या कितीतरी कुटुंबांचे नाव अजूनही उताऱ्यावर चढलेले नाही. नाव नसले की घराची दुरुस्ती अडते, विजेची जोडणी अडते, बँकेचे कर्जही अडते, आणि प्रत्येक वेळी कोणाच्या तरी शब्दाची गरज पडते.

आमच्या वाड्यावरच्या एक आजी त्यांची कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात ठेवतात, म्हणजे पावसात ओल लागत नाही. जुन्या घरपट्टीच्या पावत्या, विजेची बिले, मामलेदार कचेरीत दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत, असे सगळे त्यात आहे. प्रचाराला नवा उमेदवार दारात आला की त्या त्याचा पक्ष विचारत नाहीत. आपली फाईल त्याला ठाऊक आहे का, एवढेच विचारतात. ज्या घराण्याच्या दारात तीन पिढ्या अर्ज घेऊन गेल्या, ते घराणे सोडून अनोळखी माणसाला मत देणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने अर्ज पुन्हा पहिल्यापासून करणे. त्यांना भोळे समजणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

मात्र जमिनीलाच हात लागला तर हेच लोक गप्प बसत नाहीत. सत्तरीतल्याच शेळ-मेळावलीत आयआयटीच्या प्रकल्पाला गावाने विरोध केला, बायका रस्त्यावर उतरल्या, शेवटी स्थानिक आमदार विश्वजीत राणे यांनाही प्रकल्प हलवण्याची मागणी करावी लागली आणि जानेवारी 2021 मध्ये सरकारने तो तिथून मागे घेतला. वर्षभराने झालेल्या निवडणुकीत वाळपईत पुन्हा राणेच जिंकले. हे विसंगत वाटेल, पण गोव्याच्या मतदाराने असा भेद पूर्वीही केला आहे. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात गोमंतकीयांनी महाराष्ट्रातले विलीनीकरण 34,021 मतांच्या फरकाने नाकारले आणि दोनच महिन्यांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीत विलीनीकरणवादी मगोला, म्हणजे तेव्हाचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांना, पुन्हा सत्तेवर बसवले. प्रश्न वेगळा आणि माणूस वेगळा, ही समज इथे जुनीच आहे.

लोकसभेला चित्र बदलते. खासदाराकडे कोणी फाईल घेऊन जात नाही, त्यामुळे तिथे पक्ष, दिल्लीतले नेतृत्व आणि धर्माविषयीची भावना यांना मोकळी वाट मिळते. श्रीपाद नाईक 1999 पासून उत्तर गोव्यातून भाजपचे खासदार आहेत, आणि त्यांतली बरीच वर्षे सत्तरीचे आमदार काँग्रेसचे होते. पंचायतीची निवडणूक पक्षाच्या निशाणीवर होतच नाही. तिथे वाडा आणि नातेगोते चालते.

राहिला भाजपचा प्रश्न. तरुणांमध्ये त्या पक्षाविषयी खरी ओढ आहे, ती मी रोज पाहतो आणि ती नाकारणार नाही. पण 2017 पासून वाळपईत माणूस आणि पक्ष एकाच बाजूला उभे आहेत, त्यामुळे मत नेमके कोणाला पडते हे मतमोजणीतून कळत नाही. ते दोघे समोरासमोर लढले, किंवा आजींच्या उताऱ्यावर त्यांचे नाव चढले आणि त्यांना कोणाच्या शब्दाची गरज उरली नाही, तरच त्याची परीक्षा होईल. तोपर्यंत वाळपई भाजपची झाली, असे मी म्हणणार नाही.