वाचकांचे प्रश्न : एकच आकडेवारी, तीन भाषांत निवेदन

प्रश्न : आमची संस्था शेतकऱ्यांना हवामानाचा अंदाज मराठी, हिंदी आणि इंग्रजीत पाठवते. ठरावीक साच्यात गावाचे नाव व आकडे भरले की इंग्रजीत काम भागते. मराठीत मात्र ‘पुणेमध्ये पाऊसची शक्यता’ अशी वाक्ये तयार होतात. यासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरावे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते आणि ते नामागणिक बदलते : साताऱ्यात, कोल्हापुरात, पावसाची. नाव जसेच्या तसे बसवणारा साचा कितीही जपून लिहिला, तरी कुठेतरी फसणारच.

या कामासाठी मी ‘ग्रॅमॅटिकल फ्रेमवर्क’ सुचवेन. आर्ने रांता यांनी १९९८ मध्ये फ्रान्समधील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात सुरू केलेली आणि पुढे स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे वाढलेली ही व्याकरणे लिहिण्याची प्रोग्रॅमिंग भाषा मोफत मिळते. तिच्यात ‘या ठिकाणी, या दिवशी, इतका पाऊस’ हा आशय कोणत्याही भाषेशी न बांधता अमूर्त व्याकरणात एकदाच मांडतात, आणि प्रत्येक भाषेसाठी वेगळे मूर्त व्याकरण लिहून त्यात नामाच्या रूपांची सारणी व लिंग नोंदवतात. पाऊस पडला, वीज पडली, धुके पडले : लिंगाची नोंद नसेल, तर क्रियापद चुकलेच म्हणून समजा.

तिच्यासोबतच्या व्याकरण-लायब्ररीत, म्हणजे तयार व्याकरणांच्या संचात, तीसहून अधिक भाषा आहेत. इंग्रजी आणि हिंदी तर आहेतच, शिवाय उर्दू, पंजाबी, सिंधी व नेपाळीही आहेत. मराठीचे काम बरेचसे आपल्यालाच करावे लागेल असे धरून चाला. हिंदीचे व्याकरण नमुना म्हणून समोर ठेवता येईल, परंतु तिथे लिंगे दोनच आहेत आणि मराठीची रूपे अधिक गुंतागुंतीची आहेत.

हा मार्ग नवा नाही. कॅनडात १९९० च्या दशकात ‘एफओजी’ ही प्रणाली एकाच आकडेवारीवरून इंग्रजी आणि फ्रेंच अशी दोन्ही हवामानपत्रके तयार करत असे. ॲबर्डीन विद्यापीठातील ‘सिंपलएनएलजी’ ही वाक्ये तयार करणारी, जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतील लायब्ररी शिकायला सोपी आहे, पण ती मुळात इंग्रजीसाठी घडवलेली असल्याने आपल्याला फारशी उपयोगी नाही. चॅटजीपीटीसारखी मोठी भाषा-प्रारूपे ओघवते मराठी लिहितात, हे खरे. तथापि ६५ मिलिमीटरचे ५६ झाले, तर त्या ओघाचे शेतकऱ्याने काय करावे?

सुरुवात गावांच्या नावांपासून करा. प्रत्येक नावाची रूपे स्थानिक माणसाकडून तपासून घ्या, कारण ‘नाशिकमध्ये’ लिहायचे की ‘नाशकात’, हे सॉफ्टवेअर ठरवू शकत नाही.