स्वमग्न असण्याचा कामात खरंच उपयोग होतो, की ही आईवडिलांची समजूत घालायची पद्धत आहे?

आधी आइन्स्टाइनला बाजूला ठेवू. तुम्ही लिहिलंय की मुलगा सहा वर्षांचा आहे, गेल्या महिन्यात ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान झालं आणि तेव्हापासून सोसायटीतलं प्रत्येक जण 'अहो, आइन्स्टाइनपण तसाच होता' म्हणून जातं. आइन्स्टाइन 1955 साली गेला, त्याला या कारणासाठी कुणी तपासलेलं नव्हतं. गेलेल्या माणसाचं निदान करायला फी पडत नाही, म्हणून सगळे करतात.

मी घरातलं सांगते. माझा धाकटा भाऊ स्वमग्न आहे, आता 34 वर्षांचा. नारायण पेठेत आमचं डीटीपी आणि छपाईचं छोटं दुकान आहे, वडिलांच्या वेळपासूनचं. तिथे तो प्रुफं वाचतो.

मागच्या वर्षी स्थानिक इतिहासाचं एक पुस्तक आलं होतं, 212 पानांचं. लेखकाने दोनदा तपासलं होतं, मी तीनदा. शेवटचं प्रूफ भावाकडे गेलं आणि तासाभरात तो पान 143 घेऊन आला. तळटिपेतल्या एका अक्षराभोवती पेन्सिलीने गोल केलेला. "ताई, हा ल दुसरा आहे." मला काहीच दिसेना. भिंग लावलं तेव्हा कळलं. आपला मराठी ल दोन पाकळ्यांचा, हिंदीतला उभ्या दांडीचा. सरकारने 2009 साली निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीत वापरा असं सांगितलंय, पण संगणकावर फाँट बदलला की हे मागच्या दाराने घुसतात. "असे सात आहेत या टिपेत. श पण वेगळा आहे. पुढच्या टिपेत नाहीत." म्हणजे तेवढीच टीप दुसरीकडून उचलून चिकटवलेली. लेखकांना फोन केला. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "हो, ती एका मित्राने पाठवली होती."

आपण वाचतो तेव्हा अर्थ पुढे धावतो आणि डोळा गाळलेलं अक्षरही स्वतःच भरून टाकतो. म्हणून वडिलांनी मला पान शेवटच्या ओळीकडून वर वाचायला शिकवलं होतं, अर्थ लागूच नये यासाठी. भावाला ही युक्ती लागत नाही. त्याला आधी अक्षर दिसतं, मग शब्द, आणि अर्थ कधीकधी मी सांगितल्यावर. लंडनमध्ये अमिता शाह आणि उटा फ्रिथ या दोघी मानसशास्त्रज्ञांनी 1983 साली हेच दाखवलं होतं: मोठ्या चित्रात लपलेला छोटा आकार शोधण्यात स्वमग्न मुलं चांगलीच पुढे होती. सगळं चित्र मिळून काय आहे, यात ती अडकत नाहीत.

तुम्हाला एखादं मोठं नाव हवंच असेल, तर टेम्पल ग्रँडिन घ्या. अमेरिकेतल्या स्वमग्न प्राध्यापक, जन्म 1947चा, साडेतीन वर्षांपर्यंत बोलत नव्हत्या. कत्तलखान्याकडे नेताना गुरं वाटेत का अडतात हे कुणाला उमगत नव्हतं आणि लोक त्यांना काठीने ढोसत होते. या बाई स्वतः त्या अरुंद वाटेत शिरल्या आणि गुरांच्या नजरेच्या उंचीवरून बघितलं. लोंबणारी साखळी, कुंपणावर टाकलेला कोट, जमिनीवर पडलेली सावली. त्यांना चित्रांतच विचार करता येतो, असं त्या सांगतात. पुढे त्यांनी वळणदार वाटा आखल्या आणि त्या देशातली जवळजवळ अर्धी गुरं त्यांनी आखलेल्या सोयींतून जायला लागली. मला त्यांची आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. मुलाखतीत आपला निभाव लागत नाही हे ओळखून त्या स्वतःऐवजी आपली रेखाटनं पुढे ठेवत.

भावाला हे सुचवणारं कुणी नव्हतं. कॉमर्स झाल्यावर तो एका कार्यालयात लागला आणि तीन महिन्यांत परत आला. साहेब म्हणाले, "या फाइलवर जरा नजर टाक." त्याने नजर टाकली आणि फाइल परत दिली. चूक कुणाची, तुम्हीच ठरवा.

दुकानात म्हणून आम्ही बदल केले. ट्यूबचा चोक गुणगुणायचा, मला ऐकूही यायचा नाही, तो काढला. त्याचं टेबल मशीनपासून लांब, भिंतीकडे तोंड करून. फोन त्याने घ्यायचा नाही. काम तोंडी सांगायचं नाही, चिठ्ठीवर लिहायचं. आणि लेखकांशी त्याची गाठ घालायची नाही, कारण एकांना तो म्हणाला होता, "तुमचं तिसरं आणि सातवं प्रकरण एकच आहे." (पुण्यात हे स्वमग्नतेचं लक्षण धरायचं की नुसती पेठेतली हवा, हे मला आजही ठरवता येत नाही.)

तोच डोळा बाहेर महाग पडतो. साध्या लग्नपत्रिकेला तो दोन तास लावतो, थांबता येत नाही. गणपतीच्या आधी महिनाभर नदीकाठी ढोलांचा सराव सुरू झाला की झोप जाते आणि विसर्जनाच्या दिवशी आम्ही त्याला मामाकडे भोरला पाठवतो. आणि सगळ्याच स्वमग्न मुलांकडे असं विकता येण्यासारखं काही असेल, असं मुळीच नाही. त्याच्याबरोबर थेरपीला येणारा एक मुलगा आज तिशीत आहे, बोलत नाही, आईच अंघोळ घालते. त्या माउलीला आइन्स्टाइन सांगून बघा.

आणखी एक, अपंगत्वाचा दाखला काढायला जाल तेव्हा कळेलच. 2016च्या कायद्यात जी 21 अपंगत्वं आहेत त्यांत ऑटिझम आहे. त्यासाठी 40 मुद्द्यांची एक भारतीय तपासणी असते, प्रत्येकाला एक ते पाच गुण, जितके जास्त तितकं अपंगत्व जास्त. त्यातले शेवटचे दोन मुद्दे म्हणजे असाधारण स्मरणशक्ती आणि एखाद्या गोष्टीतलं विलक्षण कौशल्य. म्हणजे पान 143चा ल सापडला, की गुण वाढले! मी तिथे बसून हसले, डॉक्टरीणबाई नाही हसल्या.

तुम्ही लिहिलंय की मुलगा दिवसभर खेळण्यातल्या गाड्या ओळीत लावतो आणि त्या काढून घ्याव्यात असं घरात चाललंय. भाऊ त्याच वयाचा असताना दुकानात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, सांडले की ते पेटीतल्या घरांत परत लावत बसायचा, तासन्‌तास. वडिलांना ऑटिझम हा शब्दही ठाऊक नव्हता, काम होतंय म्हणून ते करू द्यायचे. गाड्या काढून घेण्याआधी एकदा शेजारी बसून बघा, ओळ कशाने लागते? रंगाने, लांबीने, की चाकांनी? कळलं तर मलाही सांगा.