दुर्बिणीचे तास आणि रापणीचा वाटा

स. न. वि. वि.

मालवणहून पाठवलेले आपले पत्र मिळाले. मुलगी बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असून तिला आकाशगंगेतील हायड्रोजन वायूचा अभ्यास करायचा आहे. परंतु जगभरचे शास्त्रज्ञ एकेका दुर्बिणीसाठी रांगेत असताना तिला तिथे कोण विचारणार, त्यापेक्षा बी.एड. बरे नव्हे का, असे आपण विचारता.

रांग आहे, पण ती हुद्द्यानुसार लागत नाही. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण आहे. तिच्यासाठी वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवले जातात, आणि आकाशाचा कोणता भाग, कोणत्या वारंवारतेवर, किती तास व कशासाठी पाहायचा हे ज्याला कागदावर पटवून देता येते, त्याला समिती तास देते. पीएच.डी.चे विद्यार्थीही मार्गदर्शकांसोबत असे प्रस्ताव लिहितात. शिवाय ठरावीक मुदतीनंतर ही निरीक्षणे इतरांनाही खुली होतात, त्यामुळे स्वतःच्या नावावर एकही तास नसताना काम करता येते.

आपण स्वतः रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या मासेमारी जाळ्याचे, वाटेकरी आहात. रापण एकट्याने ओढली जात नाही, हे आपल्याला मी सांगायला नको. हायड्रोजनचे सर्वेक्षणही तसेच आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संपूर्ण आकाशाच्या नकाशासाठी उत्तरेकडचा भाग जर्मनीतील एफेल्सबर्गच्या १०० मीटर तबकडीने आणि दक्षिणेकडचा ऑस्ट्रेलियातील पार्क्सच्या ६४ मीटर तबकडीने टिपला, कारण एका जागेवरून सगळे आकाश दिसतच नाही. जीएमआरटीसारख्या विखुरलेल्या अँटेनांची गंमत तर जाळ्याच्या उलट आहे: बारीक तपशील हाती लागतो आणि आकाशभर पसरलेला वायूच निसटतो. म्हणून कोणत्या प्रश्नाला कोणती दुर्बीण मागायची, ही समज या क्षेत्रात फार मोलाची ठरते.

मुलीने एम.एस्सी. करावे, सोबत पायथन ही संगणकभाषा आणि लिनक्स ही संगणकप्रणाली शिकावी. पुण्यातील आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थांमध्ये पीएच.डी.साठी प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिची तयारी पहिल्या वर्षापासूनच ठेवावी. पीएच.डी.च्या काळात फेलोशिप मिळते, त्यामुळे घरावर मोठा भार पडत नाही. बी.एड.चा मार्ग एम.एस्सी.नंतरही खुलाच राहतो.

तोवर तिला घरीच एक प्रयोग करू द्यावा. पुठ्ठ्याला ॲल्युमिनियम फॉइल लावून केलेला चौकोनी कर्णा, एक ॲम्प्लिफायर आणि संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर एवढ्या साहित्यावर हायड्रोजनची २१ सेंटिमीटर तरंगलांबीची, म्हणजे सुमारे १४२० मेगाहर्ट्झची रेषा (आलेखात त्या वारंवारतेशी दिसणारा उंचवटा) दिसू शकते. या लहरींना ढगांचा अडथळा होत नाही, तेव्हा आपल्याकडच्या पावसाळ्यातही, पुठ्ठा भिजू न देता पडवीतून कर्णा आकाशगंगेच्या पट्ट्याकडे रोखता येईल. त्या रेषेचे शिखर १४२० च्या किंचित अलीकडे-पलीकडे का सरकते, हे तिने आपल्याला समजावून सांगितले, तर बी.एड.विषयी आपण दोघांनी पुन्हा बोलावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक